दाजींचा जॉइंट

आमचे दाजी आणि मी, दोघांना मिळून लोक एक वेल्डर समजायचे. गंमत म्हणून सांगत नाही. निपाणीच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत गेलं की एक साखर कारखाना होता. तिथल्या ऑफ सीझनच्या वहीत चीफ इंजिनियर साहेब दरवर्षी स्वतःच्या हातानं 'येळ्ळूरची जोडी' एवढंच लिहायचे. दाजींचं नाव वेगळं नाही, माझं वेगळं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे मालक, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठे आणि बोलायला महाकंजूष. मी त्यांच्या उलट. माझं तोंड एकदा सुरू झालं की बंद व्हायला वेळ लागतो, आणि डोकं तापलं तर विचारूच नका. सत्तरच्या दशकातली शेवटची पाच-सहा वर्षं आणि ऐंशी उलटल्यावरची एक-दोन, एवढी वर्षं आम्ही जोडीनं काम केलं.

ऊस संपला की कारखान्याचं गाळप थांबतं. मग पुन्हा बॉयलर पेटेपर्यंतचे चार-पाच महिने सगळा कारखाना उघडून ठेवतात. गंजलेले पाइप कापायचे, नवे जोडायचे, गळती बुजवायची. कायमचे वेल्डर त्याला पुरे पडत नाहीत, तेव्हा आमच्यासारखे सुटे लोक बोलावतात. आपली पेटी, रॉड धरायचा आपला होल्डर, डोळ्यांपुढं धरायची आपली काळी काच घेऊन जायचं, काम संपलं की घरी यायचं. आम्ही कुणाचे नोकर नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा लई माज होता.

आता जोडीचं काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन पाइप तोंडाला तोंड लावून ठेवतात आणि मध्ये रॉडच्या तारेएवढी फट सोडतात. त्या फटीच्या तळाशी जो पहिला थर मारायचा त्याला रूट म्हणतात. रूट आतपर्यंत एकजीव झाला तर जॉइंट खरा, नाहीतर वरून कितीही देखणा दिसो, वाफेचा दाब आला की तो उघडणार. रूटवर दोन-तीन थर चढवायचे, आणि शेवटचा जो दिसतो तो कॅप. आमच्यात रूट मी मारायचो आणि कॅप दाजी. माझा हात लांबच्या फिरवण्याला थरथरतो, जन्मापासूनचा आहे. दाजींचा हात मात्र पाइपाभोवती असा फिरायचा की कॅपवर खवले मोजून घ्यावेत. पहिल्या वर्षी त्यांनीच मला म्हटलं होतं, तू तळ बघ, मी वरचं बघतो. मला वाटलं, दाजी मला अवघड काम शिकवतायत. मी गावभर सांगत सुटलो होतो.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही नेहमीसारखे पेट्या घेऊन कारखान्यावर गेलो, तर चीफ साहेबांनी चहा पाजला आणि वही काढलीच नाही. वरून हुकूम आला होता. यंदापासून बाहेरचा कुठलाही कारागीर सरळ घ्यायचा नाही. बेळगावात माणसं पुरवणारी एक एजन्सी निघाली होती, तिच्याकडं नाव घालायचं, तिनं पाठवलं तर यायचं. साहेबांना ते पटलं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण हुकूम तो हुकूम. मी तिथंच दोन शब्द बोलणार होतो, दाजींनी माझी बाही ओढली.

एजन्सी म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली. बाहेर बाकडं, आत एक टेबल, टाइपरायटरपाशी एक मुलगी, आणि सफारीतला एक माणूस. त्याला सगळे साहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. कानडी, मराठी दोन्ही आमच्याइतकंच बोलायचा, पण नकार द्यायचा असला की इंग्रजी. बाकी दिवशी त्याचं एकच पालुपद, 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. त्याचा उद्या कधी आठवड्यानं यायचा, कधी पंधरा दिवसांनी. बाकड्यावर आमच्यासारखेच बसलेले असायचे. टर्नर, गवंडी, लोंढ्याकडचे दोन गाडी दुरुस्त करणारे, आणि वडगावचा एक जण, माग बसवून देणारा. त्या माणसानं तिथं बसून बसून शेजाऱ्यांच्या घड्याळांची दुरुस्ती सुरू केली होती.

फॉर्म इंग्रजीत होता आणि एका फॉर्मवर एक माणूस. मी त्या साहेबाला समजावून सांगितलं की आम्ही जोडी आहोत, एक रूट मारतो, एक कॅप मारतो, आम्हाला एकत्र पाठवा. त्यानं फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. हे लिहायला त्यात कुठंच जागा नव्हती. मग त्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. टाइपरायटरवाल्या मुलीनं त्याचं मराठी केलं, की एका नावापुढं एकच माणूस असतो.

दुसरी भानगड राज्याच्या रकान्याची. सरकारी कागदावर गाव कर्नाटकात, तरी आमच्या येळ्ळुरात गावाच्या नावापुढं महाराष्ट्र लिहितात. लग्नपत्रिकेवर लिहितात, पाकिटावर लिहितात, त्यात कुणी वेगळा विचार करत नाही. आम्हीही तसंच लिहिलं. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आले, आणि तेसुद्धा आम्ही विचारायला गेलो म्हणून. पत्ता चुकीचा, काम थांबलेलं. मी तिथं आवाज चढवला. बाकड्यावरच्या लोकांना करमणूक झाली, बाकी काही झालं नाही. दाजींनी मुलीकडून खोडरबर मागून घेतलं, तो रकाना पुसून कोरा केला आणि कागद पुढं सरकवला. तुमास्नी काय पायजे ते तुम्ही भरा, म्हणाले. एजन्सीनं त्यात काय भरलं ते आम्ही कधी बघितलं नाही.

मग पत्रं यायला लागली. पहिलं मला आलं, सोमवारी लोंढ्याला हजर व्हा. पेटी घेऊन गाडीनं गेलो. तिथल्या ठेकेदाराला फळ्या ठोकायला सुतार पाहिजे होता. त्यानं पत्र वाचलं, माझी पेटी बघितली आणि मला भजी खायला घातली. एजन्सीत येऊन सांगितलं तर टाइपाची चूक, म्हणाले. दुसरं पत्र दाजींना आलं, निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीवर हजर राहा. वखारीत वेल्डिंगचं काय काम, असं मी म्हटलं. पण पत्रानं बोलावलंय म्हणून दाजी गेले. तिथं राखणदार पाहिजे होता. दाजींनी त्यांना ते राखणदार नाहीत असं एकदा सांगितलं. मग त्या लोकांना दुसरा कोणी मिळेपर्यंत, संध्याकाळपर्यंत, तिथं बसून राहिले. मी हे ऐकून इतका चिडलो की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते तसेही बोलत नव्हते, त्यामुळं त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

असा अर्धा पावसाळा गेला. कारखान्यावर काम पडून होतं, आणि काम करणारी माणसं कापडाच्या दुकानावर बाकड्यावर बसली होती. शेवटी नोटीस लागली. पाइप वेल्डरांची परीक्षा घेणार, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात. प्रत्येकानं एक जॉइंट एकट्यानं मारायचा, रूटपासून कॅपपर्यंत. मग तो कापून त्याची पट्टी काढायची आणि शिकंज्यात धरून उलटी वाकवायची. रूट कच्चा असेल तर पट्टी तिथं फाटते. जो पास होईल त्याला कार्ड, आणि ज्याला कार्ड त्यालाच यापुढं काम.

नोटीस वाचून दाजी जिन्यात थांबले. मला वाटलं, जिना चढून दम लागला. पण आम्ही उतरत होतो.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी होती, तिच्या भिंतीला लागून आमची पत्र्याची शेड. तिथं सराव सुरू केला. मी कॅप मारायला शिकायचं, दाजींनी रूट. माझं तर काय, मारली तेवढी कॅप वेडीवाकडी. पण दाजींच्या पट्ट्या वाकवल्या की एकजात फाटायच्या. तीन दिवस झाले, चार झाले. पाचव्या दिवशी मी ओरडलो, की दाजी, फट समोर आहे, तुम्ही तिच्या बाजूला कशाला मारताय. त्यांनी काच खाली ठेवली, आणि डावा डोळा तळहातानं झाकून माझ्याकडं बघितलं. बघितलं म्हणजे तोंड माझ्याकडं केलं. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं चालली होती.

"ह्या डोळ्यानं न्हाय दिसत," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. आक्काला सांगू नगंस."

ग्राइंडरची ठिणगी उडून लागली होती, ती मी त्यांच्याबरोबर यायला लागायच्या आधी. म्हणजे, तू तळ बघ, असं त्यांनी म्हटलं तेव्हाच त्यांना तळ दिसत नव्हता. काळ्या काचेतून एका डोळ्यानं तारेएवढी फट नीट कळत नाही, पुढं आहे का मागं तेच समजत नाही. मी आपला इतकी वर्षं शागीर्द म्हणून मिरवत होतो. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि वाईट कशाचं वाटलं तर त्यांच्या डोळ्याचं नाही, माझं. मला कुणी निवडलं नव्हतं, गरज होती म्हणून घेतलं होतं. ही गोष्ट आज सांगायला लाज वाटते, पण तशीच आहे.

त्यांचं मात्र सगळंच पणाला लागलं होतं. परीक्षेत नापास झाले तर कार्ड नाही. डोळा कळला तर कुणीच त्यांच्या हातात होल्डर देणार नाही, मग कार्ड असो नसो. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. पन्नाशीही गाठली नव्हती. घरी बसलेले दाजी कसे दिसतील याचा विचार करून बघितला, जमला नाही.

पुढचे आठ दिवस त्यांनी माझ्याबरोबर सराव केला नाही. पहाटे, गिरणी चालू व्हायच्या आधी, ते एकटेच शेडमध्ये जायचे. मी म्हटलं, लाजतायत, जाऊ दे. आक्का मात्र माझ्या घरी आली. तिला डोळ्याचं माहीत नव्हतं, पण नवरा पहाटे उठून गुपचूप कुठं जातो एवढं कळत होतं. तिनं मला काही विचारलं नाही. त्यांना पास करून आण, एवढंच सांगितलं, आणि चहा न घेता गेली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही आठला हजर होतो. एजन्सीचा माणूस अकरा वाजता आला, त्याच्याबरोबर परीक्षा घेणारा एक म्हातारा मिस्त्री. वर्कशॉप काही बंद नव्हतं. एका बाजूला आमची परीक्षा, दुसऱ्या बाजूला चार ग्राइंडर आणि घणाचे घाव. कानाला तोंड लावल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. पत्रे उभे करून खण केले होते. माझ्या शेजारच्या खणात दाजी. प्रत्येकाच्या पाइपावर आकडा ठोकलेला. मी माझा रूट पटकन मारून घेतला. डोकावून बघितलं तर दाजी तसेच बसलेले, होल्डर हातात, रॉड लावलेला, आणि मान एकीकडं कलती केलेली.

मिस्त्री चहाला गेला. मी पत्र्यामागून दाजींच्या खणात शिरलो. तोंडासमोर काच धरली की सगळे वेल्डर सारखेच दिसतात. दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलंही, पण त्या गोंगाटात काय ऐकू येणार. मी हातानंच त्यांना उठवलं. ते उठले. मी त्यांचा रूट मारला, चार मिनिटांचं काम. ठरवलं असं होतं, म्हणजे मी मनात ठरवलं होतं, की मग त्यांनी येऊन माझी कॅप मारायची. नेहमीची आमची रीत, दोन जॉइंट, दोघांचे हात. पण मिस्त्री लवकर परत आला आणि नेमका माझ्या खणाशीच उभा राहिला. माझी कॅप मला मारावी लागली.

दाजींची पट्टी नालासारखी वाकली, कुठं चीर नाही. वरची कॅप बघून मिस्त्रीनं बाकीच्यांना बोलावून दाखवली. माझ्या कॅपच्या कडेवरून त्यानं नुसतं नख फिरवलं. कडेला खड्डे होते, नख अडकलं. दाजी पास, मी नापास. एजन्सीच्या माणसानं इंग्रजीत काही सांगितलं, त्याचं मराठी करायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

येताना बसमध्ये दाजी खिडकीला बसले. हे बरं न्हाय झालं, असं एकदा म्हणाले. मला वाटलं, माझ्या नापास होण्याबद्दल म्हणतायत. मी म्हटलं, असू दे, तुम्हाला कार्ड मिळालं.

इतके दिवस झोपलेली एजन्सी आता जागी झाली. आठवड्यात दाजींना पत्र, आमच्याच कारखान्यावर, वाफेच्या मुख्य लाइनीच्या कामाला, एकट्यानं. मी बेळगावात जाऊन त्या सफारीवाल्यापुढं हात जोडले. मला हेल्पर म्हणून पाठवा, फुकट पाठवा, पण त्यांच्याबरोबर पाठवा. त्यानं सांगितलं, हेल्पर पुरवायचं काम दुसऱ्या एजन्सीकडं आहे. मी म्हटलं, ती कुठं आहे. ती अजून निघायची आहे, म्हणाला. आता यावर माणसानं काय करायचं, सांगा. मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता हे मला आठवतं. खालीही मीच ठेवला.

दाजी सोमवारी पहाटे पेटी घेऊन गेले. मी त्यांना म्हटलं, नका जाऊ. ते म्हणाले, कार्ड हाय नव्हं. मंगळवार मी कसाबसा काढला. डोळ्यांसमोर एकच गोष्ट. आधीच्या एका कारखान्यावर वाफेचा जॉइंट उघडताना मी बघितला होता. खाली उभा असलेला माणूस त्यानंतर किती दिवस जगला आणि कसा जगला, तेही मी बघितलं होतं. आणि इथं पास झालेला रूट माझा, लाइनीत जाणारा रूट न दिसणाऱ्या माणसाचा, आणि ही भानगड केली कोणी, तर मी. बुधवारी पहिल्या बसनं निघालो, पण बेळगावातनं पुढची गाडी मिळायलाच दहा वाजले. संकेश्वरला बस अर्धा तास थांबली, ड्रायव्हर नाष्ट्याला उतरला. तो अर्धा तास मी उभ्यानंच काढला.

कारखान्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. फाटकावरचा ओळखीचा होता, तो हसत सुटला. तुमच्या दाजींचं काय बिनसलंय, म्हणाला. दोन दिवस नुसती तयारी, पाइप घासतायत, फट मोजतायत. आज सकाळभर होल्डर हातात धरून बसून होते. पोरं चेष्टा करत होती. जेवायची सुट्टी झाली, सगळे गेले, तर हे गेलेच नाहीत. लोक परत येईपर्यंत जॉइंट मारून मोकळे.

म्हणजे मारला होता. मी दाजींकडं गेलो नाही. गेलो असतो तर तोंड उघडलं नसतं, हे मला ठाऊक होतं. सरळ चीफ साहेबांकडं गेलो. ते लाइनीखालीच उभे होते. आणि तिथंच दहा पावलांवर दाजी पेटीवर बसून भाकरी खात होते, ते मला दिसलेच नव्हते. दिसले तेव्हा मी बोलायला सुरुवात केली होती.

"साहेब, हा जॉइंट घेऊ नका. दाजींना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. परीक्षेतला रूट त्यांचा नव्हता, मी मारला होता."

आजूबाजूला सहा-सात माणसं होती. साहेबांनी दाजींना विचारलं, खरं का. दाजींनी घास गिळला, हात पुसले आणि उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, साहेबांकडंही नाही, जॉइंटकडं बघत बोलले.

"खरं हाय. पर ह्यो मीच मारलाय, आवाजावर. रूट आत गेला की आवाज बदलतो, भस्स करून. दंग्यात कळत न्हाय. म्हणून जेवायच्या टायमाला मारला."

पहाटेचा सराव काय होता, ते मला तेव्हा कळलं. गिरणी बंद असायची. परीक्षेच्या खणात मान कलती करून ते काय करत होते आणि तोंड उघडून मला काय सांगणार होते, तेही कळलं. गोंगाट थांबू दे, एवढंच सांगायचं असणार. मी त्यांना हाताला धरून उठवलं होतं.

साहेबांनी जॉइंट कापायला लावला. वाफेची लाइन, दुसरा इलाजच नव्हता. पट्टी काढली, शिकंज्यात धरली. मी मान फिरवली होती. पट्टी पूर्ण वाकली, शिकंजा थांबला, तेव्हा वळून बघितलं. चीर नव्हती. खालपासून वरपर्यंत एकसारखा, आतून गुळगुळीत रूट. मी इतक्या वर्षांत असा मारला नव्हता, आणि पुढंही कधी मारला नाही.

साहेब बराच वेळ ती पट्टी हातात फिरवत राहिले.

"काम एक नंबर आहे," ते दाजींना म्हणाले. "पण आता मला कळलंय. कळल्यावर मी तुम्हाला परत आत सोडू शकत नाही. उद्या कुठंही काही झालं, तर मला पहिलं हेच विचारतील."

दाजींनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, तेच मला सहन झालं नाही. मी भांडायला लागलो, साहेबांशीच. डोळ्यासमोर पट्टी आहे, अजून काय पाहिजे, तुमच्या त्या एजन्सीच्या कार्डाला आग लावा, असलं काहीतरी. मीच सांगायला आलो होतो आणि मीच भांडत होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, कापलेला जॉइंट आज भरला पाहिजे, एजन्सीला कळवलं तर महिनाभर माणूस यायचा नाही. तू मार, तुझा रूट मला माहीत आहे, कॅप देखणी नसली तरी चालेल. कार्ड त्यांच्या नावाचंच राहू दे, एजन्सीचं कोण इथं तोंडं ओळखायला येतंय.

म्हणजे मी नापास, आणि दाजींच्या कार्डावर, दाजींच्या जागी, दाजींचाच जॉइंट मारायला बसलो. उरलेला सगळा ऑफ सीझन मी त्यांच्या नावानं काढला. हजेरीला त्यांचं नाव पुकारलं की मी हो म्हणायचो. दाजींनी त्या दिवसानंतर होल्डर हातात धरला नाही. आक्काला डोळ्याचं त्यांनीच घरी जाऊन सांगितलं. मला ते कधीही टाकून बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. तरी आज कुणी विचारलं, की पुन्हा तशीच वेळ आली तर सांगशील का, तर सांगेन. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना वाफेखाली माणसं उभी करता येत नाहीत. विचारायला पाहिजे होतं, हे मात्र खरं. त्या आठ पहाटेंपैकी एका पहाटे पलीकडच्या शेडमध्ये जाऊन नुसतं विचारायला पाहिजे होतं.

त्या दुपारी होल्डर त्यांनीच माझ्या हातात दिला आणि ते पाइपाच्या पलीकडं, माझ्याकडं पाठ करून खाली बसले. साहेबांनी ग्राइंडरवाल्यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं होतं. मी रूट मारायला घेतला. खालून सुरू केला, दोन्ही बाजूंनी वर आणला, दोन्ही डोळे फाडून बघत. झाल्यावर घासला, बॅटरी लावून बघितला. चांगला दिसत होता. पुढचा थर घ्यायला नवा रॉड लावला, तेवढ्यात दाजी पाठमोरेच बोलले.

"खालच्या अंगाला, डावीकडं, बोटभर न्हाय गेलं आत."

मी परत बघितलं. काहीच दिसलं नाही. तसं मी त्यांना म्हटलंही. ते जागचे हलले नाहीत. मग मी ग्राइंडर मागून घेतला आणि ते म्हणाले तिथं खरवडलं. बोटभर फट तशीच उघडी होती.